१९७७ मध्ये आणीबाणी गाडणारा खान्देश नेमका कोणता?

तापीकाठ:
‘१९७७ मध्ये खान्देशने आणीबाणी गाडली’ हे काल येथे कोणी तरी अभिमानाने लिहिलेले वाक्य वाचून राहवले नाही. जळगावातून यशवंत बोरोले आणि एरंडोलमधून सोनूसिंग पाटील जनता पक्षातर्फे निवडून आले, हे खरे; परंतु त्याच मार्चमध्ये धुळ्याने विजय नवल पाटील आणि नंदुरबारने सुरूपसिंग नाईक या काँग्रेसच्या उमेदवारांना लोकसभेत पाठवले. चारांत दोन. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. तेथील लाट आपल्या नावावर खपवू नये. महाराष्ट्रात ४८ पैकी २० जागा घेऊन काँग्रेसच पहिली राहिली.

चोपडेकर:
आपण जागा मोजत आहात, आम्ही ते महिने मोजले आहेत. माझे वडील शिक्षक होते. मिसाखाली, म्हणजे विनाचौकशी अटकेच्या कायद्याखाली, त्यांना नेले तेव्हा मी आठवीत होतो, आणि घर चालवण्यासाठी आईने पाटल्या मोडल्या. बाहेर राहिलेल्या त्यांच्या सहकाऱ्यांवर नसबंदीसाठी माणसे, म्हणजे ‘केसेस’, आणण्याची सक्ती झाली होती. राहिला प्रश्न धुळे-नंदुरबारचा: तेथील पाड्यांवर काँग्रेसचे गाय-वासरू सोडून दुसरे चिन्ह कोणाला ठाऊकच नव्हते. त्याला कौल म्हणत नाहीत.

शहादेकर:
हे वाक्य लिहिताना आपल्याला थोडीही लाज वाटली नाही का? माझे आजोबा भिल्ल, सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे शेतमजूर. घेतलेली उचल कधी फिटत नसे आणि साल कधी संपत नसे. आदिवासी नेते अंबरसिंग महाराजांच्या मागे आणि १९७२ पासून आदिवासी मजुरांच्या श्रमिक संघटनेत शहाद्याच्या ज्या माणसांनी मोर्चे काढले, त्यांना चिन्ह ओळखता येत नव्हते, असे आपले म्हणणे आहे. वेठबिगारी बंदीचा वटहुकूम आणि आदिवासींच्या जमिनी परत करण्याच्या कायद्याचा अंमल, दोन्ही १९७५ च्या दिवाळीच्या आगेमागे आले. आजोबांना अडीच एकर परत मिळाली. त्यांनी गाय-वासरावर शिक्का मारला, तो पूर्ण विचारांती.

कपाशीवाला:
कापूस एकाधिकार खरेदीबद्दल, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकण्याच्या योजनेबद्दल, कोणीच बोलत नाही. आमच्या वडिलांनी केंद्रावर कापूस घातला आणि पैसे हप्त्याहप्त्याने आले. शेवटच्या हप्त्यापर्यंत बी-भरणाची वेळ निघून गेली होती. आमच्या गावाने त्या रागावर मत दिले.

तापीकाठ:
ती योजना १९७२ ची आहे, आणीबाणीची नव्हे. शिवाय कपाशी धुळ्यातही पिकत होती.

चोपडेकर:
शहादेकर, जमीन मोर्चांमुळे मिळाली की इंदिरा गांधींच्या आणीबाणीतील वीस कलमी कार्यक्रमामुळे, हे आधी ठरवा. मोर्चे आणीबाणीपूर्वीचे, आणि तो कायदाही १९७४ चा. मग श्रेय दिल्लीला कशासाठी?

शहादेकर:
कायदा झाल्याने जमीन मिळत नसते, तलाठ्याने सात-बारावर नाव लावल्याने मिळते, आणि ते नाव त्या काळात लागले. आपल्याला सोयीचे व्हावे म्हणून हेही सांगतो की आजोबांचीही नसबंदी झाली होती, स्वखुशीने नव्हे. तरीही मत बदलले नाही. त्यांना विचारले, तर ते उत्तर न देता शेताकडे बोट दाखवीत.

चोपडेकर:
ठीक. चिन्हाबद्दलचे विधान मागे घेतो, शिक्षकाच्या मुलाला ते शोभणारे नव्हते. पण आपल्या आजोबांना अडीच एकर देण्यासाठी माझ्या वडिलांना आत टाकण्याची गरज काय होती?

शहादेकर:
काहीच नव्हती. मात्र जमिनीचा खटला पाच वर्षे रेंगाळला होता, तेव्हा आपले वडील बाहेरच होते. त्या काळात चोपड्याहून किती जण आमच्या तारखेला आले, तेही लिहा.

चोपडेकर:
कोणी नाही. वडीलही नाहीत.

कपाशीवाला:
आणि आमचा शेवटचा हप्ता?