सपोर्ट असलेल्या व्हर्जनना लेबलं काय द्यावीत?

उद्यमबाग_बिलिंग
हिशोबाचं सॉफ्टवेअर आहे, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या पतसंस्था नि दुकानांत बसवलेलं. सध्या ४.२, ५.० आणि ५.१ चालू आहेत, ६.० चाचणीला. डाउनलोडच्या पानावर ५.१ ‘नवीन’, ५.० ‘स्थिर’, ४.२ ‘जुने’ असं लिहिलंय. फोन येतात: ५.० स्थिर, मग ५.१ डळमळीत काय? ‘जुने’ म्हणजे बंद काय? काउंटरवर कुणी मराठी वाचतो, कुणी कन्नड, त्यामुळे लेबलं दोन्ही भाषांत लागतात. सरळ एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट, म्हणजे लांब मुदतीचा सपोर्ट) लिहून टाकू का?

खानापूर_लिनक्स
‘नवीन’, ‘जुने’ आधी काढा. गिऱ्हाइकाला व्हर्जनचं वय नको असतं. कुठली दुरुस्ती मिळणार आणि कधीपर्यंत, एवढंच हवं असतं. नंबर कायम राहतो, स्थिती बदलते, म्हणून दोन्ही वेगळे लिहा. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेवाले मिळणाऱ्या दुरुस्तीवरूनच नाव देतात: बगफिक्स, सिक्युरिटी, एंड ऑफ लाइफ. तुम्हाला ‘चाचणी’, ‘पूर्ण सपोर्ट’, ‘फक्त सुरक्षा दुरुस्ती’, ‘बंद’ एवढे चार शब्द पुरतील. कन्नडमध्येही तेच चार ठरवून घ्या, दर वेळी नवे नकोत.

आणि ५.० वरून ५.१ ला जाताना डेटाबेसची रचना बदलत नसेल तर ५.० वेगळं सांभाळायचंच कशाला? पोस्टग्रेस हा डेटाबेस मेजर (मोठ्या) व्हर्जनला पाच वर्षं सपोर्ट देतो, पण त्यातलं शेवटचं मायनर (छोटं, दुरुस्तीचं) घ्या म्हणतो. फक्त मेजर म्हणजे कुठला आकडा, ते पानावर लिहा. त्यांच्याकडे ९.६ पर्यंत पहिले दोन आकडे मिळून मेजर व्हायचं, २०१७ च्या १० पासून पहिला एकच.

निपाणी_सर्व्हर
‘स्थिर’ हा शब्द अपडेट स्क्रिप्टमध्ये असेल तर तिथूनही काढा. डेबियन या लिनक्समध्ये स्टेबल (स्थिर) हे सरकतं नाव आहे, दर नव्या व्हर्जनला पुढे जातं. ९ ऑगस्ट २०२५ ला १३ स्टेबल झालं, १२ ओल्डस्टेबल. अपडेट कुठून घ्यायचे ते सांगणाऱ्या ज्यांच्या सोर्सेस फाइलमध्ये कोडनेमऐवजी (त्या व्हर्जनच्या ठरलेल्या नावाऐवजी) नुसतं ‘स्टेबल’ होतं, त्यांची मशिनं पुढच्या अपग्रेडला १३ कडे निघाली. पतसंस्थेच्या सर्व्हरवर असलं काही चालणार नाही. स्क्रिप्टमध्ये ‘५’ असा व्हर्जनच्या मालिकेचा नंबरच द्या.

‘लेटेस्ट’चीही तीच कथा. ५.१.० नंतर आठवड्याने ४.२.९ चा पॅच निघाला आणि यादी तारखेने लावलेली असली, की लेटेस्ट म्हणून ४.२.९ दिसतं. अक्षरक्रमाने लावली तर ४.१० हे ४.९ च्या आधी येतं. तिन्ही आकडे सुटे करून संख्या म्हणून तुलना करा.

चिकोडी_डेटा
एलटीएस नुसतं लिहू नका, त्यातून मुदत कळत नाही. उबुंटू लिनक्सचं साधारण पाच वर्षं, जँगो या वेब फ्रेमवर्कचं तीन, जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडचं एलटीएस झाल्यापासून ३० महिने. लेबलात शेवटची तारीखच हवी, आणि ती ३१ मार्च नको! मार्च अखेरीला कुणी व्हर्जन बदलत नसतं. ३१ जुलै ठेवा.

तारीख ठरवताना खालचा डेटाबेसही बघा. पोस्टग्रेस १३ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२५ मध्ये संपला. ४.२ त्यावर चालत असेल तर तुमची ‘सुरक्षा दुरुस्ती’ अर्धीच.

उद्यमबाग_बिलिंग
५.० चं लेबल काढतो, रचना तीच आहे. ४.२ मात्र पोस्टग्रेस १३ वरच आहे. मदतीच्या स्क्रीनवर असं चालेल का?
‘४.२.९ | फक्त सुरक्षा दुरुस्ती | ३१ जुलै २०२६ पर्यंत’

चिकोडी_डेटा
आधी ४.२ च्या इन्स्टॉलरमधलं पोस्टग्रेस बदला, मग तारीख छापा. आणि पुढे ‘यानंतर ५.१ घ्या’ एवढं जोडा. मुदत संपल्यावर ओळ पुसू नका, ‘बंद’ लिहून राहू द्या. ओळच दिसली नाही तर ४.२ वाला परत फोनच करणार.