एमजीबी घ्यायचीय: रोडस्टर की जीटी?

इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो, एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घ्यायची बऱ्याच वर्षांची इच्छा आहे, आता पैसे जमलेत. मन रोडस्टरवर, म्हणजे कापडी हूडवाल्या उघड्या गाडीवर आहे पण इथला पाऊस बघता बायको म्हणते छपरवाली जीटी घे, शिवाय मुलगी सहा वर्षांची आहे, तिला कुठे बसवणार? गॅरेज नाही, गाडी बाहेरच राहील. काय करू?

उत्तर: गॅरेज नाही म्हणताय तर जीटीच घ्या. कापडी हूड कितीही ताणून लावलं तरी कुठूनतरी पाणी आत येतंच आणि मग कार्पेटखाली फ्लोअर सडतो. इंजिन दोन्हीत तेच १७९८ सीसी, जीटी जड आहे म्हणून पिकअप जरा कमी पण हवा नीट कापते त्यामुळे टॉप स्पीड उलट थोडा जास्तच. आणि ते छप्पर पिनिनफारिना या इटालियन डिझाइन कंपनीचं आहे हो, १९६५ चं, मागून बघत राहावंसं वाटतं! मागची सीट मात्र नावालाच, मुलगी दोन-तीन वर्षांत मावणार नाही.

उत्तर: माझी रोडस्टर आहे, जूनमधल्या एका संध्याकाळी हूड खाली करून गावातल्या रस्त्यांनी फिरलात की बाकी सगळं विसराल. पण घेताना दाराखालच्या सिल्स (बॉडीच्या लांब पत्र्याच्या कडा) सडल्यात का ते नक्की बघा, छप्पर नसल्याने सगळा भार त्यांच्यावरच असतो. जॅक लावून गाडी उचला आणि दार उघडझाप करून बघा, अडकलं तर सिल्स सडून बॉडी वाकतेय, सरळ घरी या.

प्रश्नकर्ता: धन्यवाद दोघांना, शनिवारी एक जीटी बघायला जातोय, जॅक घेऊनच.