बाळासाठी बाई: ब्युरो की ओळख?
बाळ सांभाळायला बाई कमिशन घेऊन पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत घ्यावी की ओळखीतून, या प्रश्नावर माझा कौल ओळखीला आहे. मात्र ओळखीची असली तरी पोलीस पडताळणी टाळू नये. ब्युरोकडूनच घ्यायची असेल, तर ती मध्येच सोडून गेल्यास बदली बाई किती दिवसांत मिळेल, हे कमिशन देण्यापूर्वी लेखी घ्यावे. प्रसूती रजा संपण्याच्या दोनतीन आठवडे आधीच बाईंना कामावर बोलवावे, म्हणजे काढून ठेवलेले दूध त्या गॅसवर तापवतात की कोमट पाण्यात वाटी ठेवून, बाळाला उताणे निजवतात की पालथे, हे शेजारी बसून पाहता येते. (अनुभवी बायकांना मधाचे बोट चाटवण्याची भारी हौस असते, वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे.) पगाराबरोबर साप्ताहिक सुट्टीही तेव्हाच ठरवावी.