मिलेच्या ‘द ग्लीनर्स’ची मांडणी आणि काळ्या मातीतल्या सरवा वेचणाऱ्या बाया

रंगरेषा_दारव्हा
सोयाबीन निघाल्यावर वावरात सरवा (कापणीनंतर मागं राहिलेल्या शेंगा) वेचणाऱ्या तीन बाया तैलरंगात करायच्या आहेत. मांडणी फ्रेंच चित्रकार ज्याँ-फ्रांस्वा मिलेच्या १८५७ च्या ‘द ग्लीनर्स’ (सरवा वेचणाऱ्या बाया) या चित्रावरून घेतली. कॅनव्हास १८ × २४ इंच. माती काळी, लुगडी गडद, चेहरे सावळे, त्यामुळं आकृती जमिनीत बुडतात. उजेड वाढवला की पाय जमिनीला टेकलेले वाटत नाहीत. काय करावं जी?

काडीकोळसा
माप बरोबर आहे. मूळ चित्र सुमारे ८३ × ११० सेंमी, म्हणजे जवळपास ३:४ च. फरक जमिनीचा आहे. मिलेची जमीन कापणी झालेल्या शेताची, फिकट पिवळसर, आणि बाया तिच्याहून गडद. काळ्या मातीत हा हिशेब उलटतो. म्हणून वखर लागलेलं वावर घेऊच नका. नुकती कापणी झालेलं घ्या: कुटार, वाळका पाला, धसकटं पसरलेली असतात आणि माती भुरकी दिसते. यलो ऑकर (मातकट पिवळा), पांढरा, थोडा रॉ अंबर (मातकट तपकिरी), एवढ्यात ती जमीन होते. काळी माती फक्त भेगांत आणि पायांजवळ, तीही अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळून. ट्यूबमधला काळा लावला की रंग मरतो.

पाय टेकत नाहीत ते सावलीमुळं. तळव्याला लागून असलेली सावली अरुंद आणि सगळ्यात गडद हवी. पुढं लांबवर पडलेली फिकी, मऊ कडांची. दोन्ही एकाच गडदपणानं भरल्या की आकृती तरंगते.

क्षितिज वरून साडेपाच-सहा इंचांवर ठेवा. मूळ चित्रात पूर्ण वाकलेल्या दोघींच्या पाठी क्षितिजाखालीच राहतात. त्या जमिनीशी इतक्या जखडलेल्या दिसतात त्या यामुळंच. ही गोष्ट अजिबात सोडू नका.

वावरवाट
ऊन पाचच्या सुमाराचं, कलतं घ्या. मिलेनं मागं गंज्या, गाडी, मजुरांचा घोळका आणि घोड्यावरचा देखरेख्या लख्ख उजेडात ठेवला. पुढच्या बायांच्या फक्त मान, खांदे, पाठ आणि हातांवर ऊन धरलं. तुमच्याकडं मागं सोयाबीनची सुडी आणि मळणीयंत्राचा धुरळा घ्या. धुरळ्यानं मागचा भाग आपोआप फिका पडतो. लुगड्यांचे छाप काढत बसू नका. मूळ चित्रात डोक्याचे रुमाल निळा, लाल, पिवळसर आहेत. तुम्ही तेच तीन रंग पदरांना द्या. वेचलेल्या शेंगांनी ओटी जड झालेली दाखवा, लुगडं कमरेपाशी ताणलेलं.

काडीकोळसा
थरांचं राहिलंच. पहिला थर बर्न्ट अंबरचा, टर्पेंटाइननं पातळ; अंबर लवकर वाळतो. वरच्या थरांत अळशीचं तेल वाढवत न्या. खाली तेलकट आणि वर कोरडा थर दिला, तर वरचा आधी वाळतो, खालचा हलत राहतो आणि तडे जातात. वावरात उभं राहून रंगवायची गरज नाही. मिले फ्रान्समधल्या बार्बिझाँ गावातल्या स्टुडिओत रेखाटनांवरून आणि आठवणीतून रंगवायचा. वावरात पेन्सिलीनं वाकण्याचे कोन तेवढे टिपा: कंबर, गुडघा, मनगट.