कॉलेजच्या वर्षांत तब्येत आणि मन सांभाळताना काय कामी आलं? (अनुभव धागा)

सांजवात
जून-जुलै आला की घरोघरी बॅगा भरल्या जातात आणि पोरं पुणे, नागपूर, संभाजीनगरची वाट धरतात. बादली, मग, एक्स्टेन्शन बोर्ड, मेतकूट यांची यादी सगळे देतात. ताप चढला, झोप उडाली, कारण नसताना रडू यायला लागलं तर कुणाकडे जायचं, ते त्या यादीत नसतं. यंदा भाची निघाली आहे, म्हणून हा धागा. स्वतःवर गुदरलेलं किंवा अगदी जवळून पाहिलेलं लिहा. कशाने फरक पडला आणि कशाने काडीचा पडला नाही, दोन्ही हवंय. "सकारात्मक राहा" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत. कॉलेजांची नावंही टाळा.

कळंबकर
बी.एस्सी.ला पुण्यात होतो. शिष्यवृत्ती यायची ती वर्ष संपता संपता. मेसचं कार्ड महिन्याचं असतं, पण खाडे टाकले की पुढं सरकतं, हे कळल्यावर मी हिशोबच बसवला. सकाळी चहा-क्रीमरोल, दुपारी मेस, रात्री खाडा. दिवाळीनंतर वर्गात डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली, वाचलेलं डोक्यात शिरेना. रूमवरच्या मित्रांनी निदान करून टाकलं, "याला डिप्रेशन आलंय." मलाही पटलं. आपली या शहरात शिकायची लायकीच नाही, असं रात्र-रात्र वाटायचं.

ओळखलं मेसवाल्या काकूंनी. परीक्षेच्या तोंडावर माझ्या नावापुढची खाड्यांची ओळ बघून त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "गावाला तर गेलेला दिसत नाहीस. मग रात्री जेवतोस कुठं?" मी गप्प. त्यांनी कार्ड मागून घेतलं, खाड्यांच्या रकान्यावर आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, "पैसे येतील तेव्हा दे. आठला ताटावर दिसला पाहिजेस."

पोटात दोन्ही वेळा अन्न जायला लागल्यावर निम्मं "डिप्रेशन" गेलं. उरलेलं निम्मं मात्र खरं होतं आणि ते वरणभातानं जाणारं नव्हतं. त्यासाठी पुढं समुपदेशकाकडं गेलो. पण उपाशी असताना गेलो असतो तर त्यांचं एक वाक्य डोक्यात टिकलं नसतं.

नव्या पोरांसाठी: कॉलेजात "कमवा व शिका" आहे का, पहिल्याच आठवड्यात विचारा. पुण्यात खेड्यापाड्यांतून येणाऱ्यांसाठी विद्यार्थी सहायक समितीची वसतिगृहं आहेत, १९५५ पासून. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्याजेवणाच्या खर्चासाठी सरकारच्या स्वाधार योजनेचा अर्ज भरता येतो. त्याची तारीख चुकवू नका.

रक्तहीन क्रांती
माझ्या आयडीचं कारण सांगते. कॉलेजात रक्तदान शिबिर होतं, मी उत्साहात रांगेत. रक्त द्यायला हिमोग्लोबिन किमान १२.५ लागतं. बोटाला टोचून बघितलं आणि तिथल्या बाई म्हणाल्या, "तू कसलं देतेस, तुलाच चढवायची वेळ आलीय." आठच्याही खाली होतं. त्याआधी दोन वर्षं घरी आळशी, वर्गात मठ्ठ आणि मैत्रिणींत मूडी म्हणून माझी ख्याती होती. पाळीत किती रक्त जातं, हे एकाही माणसाने विचारलं नव्हतं. लोहाच्या गोळ्या, सोबत लिंबू, गोळीच्या आगेमागे चहा बंद. काही महिन्यांनी जिने चढताना बोलताही यायला लागलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. तेव्हा मुलीला "डिमोटिव्हेटेड" म्हणण्याआधी एक सीबीसी, म्हणजे रक्ताची साधी तपासणी, करा. स्वस्तात होते.

तांबडापांढरा
मी आईच्या खुर्चीतून लिहिते. मुलाला दुसऱ्या वर्षाला वाय.डी. लागला, म्हणजे विषय राहिले आणि वर्ष गेलं. घरी आला तो खोलीचं दार लावून बसला. जेवायला ये म्हटलं की "भूक नाही". एका रात्री बोलता बोलता म्हणाला, "मी नसतो तर तुमची फी तरी वाचली असती." माझ्या हातापायातलं बळच गेलं. ह्यांनी सरळ विचारलं, "जीव द्यायचा विचार येतोय का रे मनात?" मला वाटलं, हे काय अभद्र बोलताय! पण तो रडायला लागला आणि हो म्हणाला. विचारल्यामुळं तसले विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट माणूस मोकळा होतो, हे आम्हाला नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

त्याच रात्री मी टेलि-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन लावला, १४४१६. पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलतात. फोन मुलानेच करायला पाहिजे असं नाही, आईबापानंही करता येतो. त्यांनी सांगितलं, आज त्याला एकटं झोपवू नका, घरातली औषधं वगैरे कुलपात ठेवा, उद्या सकाळी मानसोपचारतज्ज्ञाकडं घेऊन जा. बस्स. त्या रात्री मला तत्त्वज्ञान नको होतं, पुढच्या बारा तासांत काय करायचं ते हवं होतं. ते मिळालं.

नातेवाइकांना आम्ही "कावीळ झालीय" सांगितलं. खोटं बोललो, पण कावीळ म्हटलं की लोक उसाचा रस पाठवतात, सल्ले पाठवत नाहीत.

सांजवात
ताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. नंबर भाचीच्या फोनमध्ये सेव्ह केला, माझ्याही.

रात्रपाळी
एम.डी.ची रेसिडेन्सी केली, म्हणजे शिकता शिकता रुग्णालयातच ड्युटी. निवासी डॉक्टरांनी आठवड्याला ४८ तास काम करावं असं १९९२ची केंद्रीय योजना सांगते. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिगटाने ७४ पेक्षा जास्त नको, आठवड्याची सुट्टी द्या, असं सुचवलं. वाचून आम्ही हसलो होतो. आमच्या वॉर्डात सकाळी आत गेलेला ज्युनिअर दुसऱ्या दिवशी रात्री बाहेर यायचा आणि झोपेचा विषय काढणारा "नाजूक" ठरायचा.

पहिल्या वर्षी मला सलाइन लावताना रडू यायचं. आवाज न करता, नुसतं पाणी. आमच्याच इमारतीत मानसोपचार विभाग होता, पण तिथं केसपेपर काढायचा म्हणजे बॅचमेटच हिस्टरी घेणार. म्हणून बसने दुसऱ्या शहरात जाऊन खासगीत दाखवलं. गोळ्या सुरू झाल्या. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात हे मी पेशंटना रोज सांगायचे. स्वतः मात्र चौथ्या दिवशी फोन करून विचारलं, काहीच कसं होत नाही!

विभागाने काय केलं? तणावमुक्तीवर व्याख्यान ठेवलं. पोस्ट-ड्युटीला, म्हणजे रात्रभराचं काम संपवून झोपायच्या वेळी. हजेरी सक्तीची.

खरी मदत माझ्या को-रेसिडेंटने केली. त्याने कधी "बोल ना, काय होतंय" केलं नाही. पहाटे चारला येऊन म्हणायचा, "ड्युटीचा फोन इकडे दे. सहाला उठवतो." ते दोन तास मला औषधाइतकेच लागू पडले. विम्याचंही सांगते. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मनाचे आजार शरीराच्या आजारांसारखेच धरायला लावलंय. पण बहुतेक पॉलिसी ओपीडीचा खर्च देत नाहीत, त्यामुळे तपासणी-गोळ्या खिशातूनच. सरकारी रुग्णालयातली ओपीडी हा चांगला पर्याय आहे, तुम्ही तिथलेच कर्मचारी नसाल तर.

आडोसा
मी कॉलेजात समुपदेशक आहे. रात्रपाळींचं केसपेपरचं दुखणं आमच्याकडे वेगळ्या रूपात होतं. माझी खोली प्राचार्यांच्या केबिनशेजारी दिली होती. बाहेर बाकडं, समोर ऑफिसचे क्लार्क. त्या बाकड्यावर बसलेल्या पोराचं नाव संध्याकाळपर्यंत अख्ख्या कॅन्टीनला माहीत. कोण येणार? भांडून खोली झेरॉक्सच्या दुकानामागे घेतली. तिथं उभं राहायला सगळ्यांकडेच कारण असतं. मुलं यायला लागली.

येतात ती "मला नैराश्य आलंय" म्हणत येत नाहीत. "मॅडम, अटेंडन्स कमी भरलीय, पत्र मिळेल का?" इथून सुरुवात होते. म्हणून मी पत्राला कधी नाही म्हणत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक पात्र समुपदेशक नेमायला सांगितलं आहे, कोचिंग क्लासेसनाही. तेव्हा तुमच्याकडे नसेल तर लेखी विचारा. सांगितलेलं घरी कळतं का, हा नेहमीचा प्रश्न. नाही कळत. जिवाला धोका दिसला तरच मी घरच्यांना सांगते, आणि सांगणार आहे हे त्या मुलाला आधी सांगते.

चारजणांचाफ्लॅट
थोडं वेगळं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण सापडले तेव्हा आम्ही तिथेच राहत होतो. पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली, हे मालकाला विचारायची अक्कल चौघांना तेव्हा आली. पाणी उकळून प्या, उघड्यावरचं कच्चं टाळा. मानसिक आरोग्य वगैरे ठीक आहे, पण जुलाब लागले की सगळ्याच संकल्पना गळून पडतात.

धुक्यातली
स्कॉटलंडला, एडिनबरामध्ये मास्टर्स केलं. डिसेंबरात तिथे पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. आमच्या सातारच्या घरी त्या वेळी दुपारचा चहाही झालेला नसतो. मी लेक्चरहून यायचे ती थेट पांघरुणात. कर्ज काढून आलेय, तर त्रास होतोय हे म्हणायचीही चोरी. घरी व्हिडिओ कॉलवर लाइट लावून हसत बसायचे.

तिथे व्हिसाबरोबरच आरोग्याचा अधिभार भरून घेतात, तेव्हा पोहोचल्या पोहोचल्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा. भरलेल्या पैशांचा मराठी माणसाने वसूल करायचा तो हाच भाग. हिवाळ्यात ड जीवनसत्त्व रोज १० मायक्रोग्रॅम घ्यायचा तिथला सरकारी सल्लाच आहे. आणि सबमिशनला मुदतवाढ मागता येते. मला वाटायचं मुदतवाढ म्हणजे सरांच्या हातापाया पडणं. प्रत्यक्षात एक ऑनलाइन फॉर्म होता. माझी डच मैत्रीण तो दाताच्या दुखण्यासाठी भरून मोकळी झाली होती.

निवृत्त मास्तर
चंद्रपूरकडं रसायनशास्त्र शिकवलं. पोरगं बिघडलं हे सगळ्यात आधी आमच्या लॅब असिस्टंटला कळे, प्राध्यापकांना नाही. कोण दोनदा जर्नल विसरला, कोणाचा हात थरथरते, कोण एकटाच कोपऱ्यातल्या टेबलावर जाते, त्याच्या डोक्यात पक्कं. मी स्टाफ मीटिंगला त्याला बसवाचं म्हटलं तर "तो वर्ग चारचा" म्हणून उडवून लावलं. मग मी रोज प्रॅक्टिकल संपल्यावर त्याच्यासंगं चहा घेत जाऊ. माझी सगळी "मेंटॉरशिप" त्या चहावर चालली.

रॅगिंगचं कोणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) नियम २००९ पासून आहेत, हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. तक्रार निनावी करता येते.

उंबरठा२२
सगळं वाचून धीर झाला म्हणून विचारते. भाऊ तिसऱ्या वर्षाला आहे, डॉक्टर म्हणतात एक वर्ष थांबा, उपचार पुरे करा. तो म्हणतो नाव कटेल, म्हणून कॉलेजला फक्त जायचं बंद केलंय. काय करावं?

आडोसा
नुसतं जायचं बंद करू नका, तिथेच घोटाळा होतो. याच आठवड्यात प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या, वैद्यकीय प्रमाणपत्र जोडा. आजाराचं नाव लिहिलंच पाहिजे असं नाही, "उपचारांसाठी विश्रांती आवश्यक" एवढं डॉक्टर लिहून देतात. परत प्रवेश घेताना बहुतेक ठिकाणी गॅपचं, म्हणजे मधल्या खंडाचं, प्रतिज्ञापत्र मागतात. जुने विषय चालतील का, अभ्यासक्रम बदलला तर काय, हे विद्यापीठागणिक बदलतं, ते परीक्षा विभागात आत्ताच विचारून ठेवा. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नमुना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.