लॅब (लॅब्रेडॉर) आणू की पार्किंगमधलं पिल्लू? (दोघं नोकरीवाले, लिफ्ट नाही)

दुसरा_मजला: पुण्यात २ बीएचके. लेक ९ वर्षांची, गेली दोन वर्षं कुत्रा कुत्रा करून डोकं खाल्लंय. नवऱ्याला लॅबच हवाय, ओळखीतला एक जण ४० दिवसांचं पिल्लू द्यायला तयार आहे, कागद वगैरे नाहीत, म्हणतो घरचंच आहे. माझं म्हणणं पार्किंगमधल्या कुत्रीला पिल्लं झालीयेत त्यातलंच एक घेऊ, पैसे कशाला. सासूबाई म्हणतात काहीही आणा, शी-शू मी काढणार नाही. बोला.

रविवारचा_रस्सा: लॅबच घ्या. लहान मूल आहे घरात, लॅबचा स्वभाव साधारण माहीत असतो. गावठी मोठं झाल्यावर कसं निघेल काही सांगता येत नाही, उगाच दयेपोटी निर्णय नको.

अर्धा_कटिंग: ४० दिवस?? २०१७ च्या नियमांप्रमाणे ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, आणि ब्रीडिंग करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. नियम सोडा हो, पण आई-भावंडांत खेळताना दात किती जोरात लावायचे ते पिल्लू शिकतं, ते तिथे नाही शिकलं तर तुमच्या लेकीच्या हातावर शिकणार. आम्ही असंच लवकर उचलून आणलेलं, चौथ्या दिवशी पार्वो (पिल्लांना होणारा विषाणूचा आजार). रक्ताची हगवण, इवल्याशा पायाला सलाईन, जुन्या टॉवेलात गुंडाळून रात्रभर मांडीवर घेऊन बसलो. नाही वाचलं.

रविवारचा_रस्सा: वाईट वाटलं वाचून. पण पार्वो पार्किंगमधल्या पिल्लाला होत नाही का? उलट त्याला लस कोण देतंय?

अर्धा_कटिंग: होतो की. म्हणून तर कुठलंही घ्या, ६ ते ८ आठवड्यांदरम्यान पहिली लस, मग साधारण १६ आठवड्यांचं होईपर्यंत ३-४ आठवड्यांनी बूस्टर, तीन महिन्यांचं झालं की रेबीज. तोवर बाकी कुत्री फिरतात तिथे जमिनीवर सोडायचं नाही, पण कडेवर घेऊन फिरवायचं, कुकरची शिट्टी, रिक्षा, शाळेची पोरं सगळं दाखवायचं. हेच महिने असतात, नंतर तेच कुत्रं प्रत्येक छत्रीवर भुंकतं.

चाळीतला_माणूस: तुम्ही दोघं जातीवर भांडताय, बाईंनी लिहिलंय दोघं नोकरीवाले आणि सासूबाई हात लावणार नाहीत. दुपारी १२ ला त्या पिल्लाला कोण नेणार? दोन महिन्यांचं पिल्लू दोन-तीन तासांवर शू धरू शकत नाही. आणि लिफ्ट नाही! आमचा लॅब १२ वर्षांचा झाला, ३२ किलो, मागचे पाय गेले. शेवटचं वर्ष मी आणि मुलगा त्याला चादरीत घालून खाली न्यायचो, दिवसातून तीनदा, पावसात पण. मोठं घ्या, दत्तक, दोन-तीन वर्षांचं, १५-१६ किलोचं. स्वभाव समोर दिसतो.

रविवारचा_रस्सा: मोठं कुत्रं लळा लावत नाही. पिल्लूच घ्यावं, पहिल्या दोन रात्री रडतं, रडू द्यायचं, आपोआप सवय लागते.

चाळीतला_माणूस: लळ्याचं काहीही हां. आमची दुसरी चार वर्षांची आणली, तीन आठवडे कॉटखालून बाहेर येईना. आम्ही हाका मारणं बंद केलं, पाहुणे बंद, रोज त्याच वेळी तीच वाटी आणि खाणं पण आधीच्या घरी होतं तेच. (लोक आल्या आल्या दूध-पोळी घालतात आणि मग जुलाब झाले म्हणून डॉक्टरकडे पळतात.) आता बाथरूमला गेलो तरी दाराशी बसते. आणि रडू द्यायचं कशाला? पलंगाशेजारी अंथरूण टाका, हात खाली सोडून झोपा. आठवडाभर हाताला मुंग्या येतील, येऊ देत.

दुसरा_मजला: चादरीवाला रिप्लाय नवऱ्याला वाचायला दिला, तेव्हापासून गप्प आहे. पार्किंगवालीचं नसबंदीचं बघतोय आधी, नाहीतर पुढच्या वर्षी परत हाच धागा काढावा लागेल. मोठं कुत्रं बघायला रविवारी जाणार, सासूबाई पण येतायत, "बघायला फक्त". आणि ४० दिवसवाल्याला नाही म्हटलं तर म्हणतो दोन महिन्यांचं झाल्यावर न्या, पण मग दोन हजार जास्त पडतील 😄

रविवारचा_रस्सा: एक रुपया वाढवू नका त्याला. आणि पिल्लाची आई दाखवत नसेल तर लॅब असला तरी नको, हे मी पण मानतो.