हेर, घातपाती, उभयवेतन : मुरगाव १९४३ च्या निमित्ताने

विचारणा

दुसऱ्या महायुद्धातल्या गोव्यावर लेख लिहिते आहे आणि शब्दांपाशी अडले आहे. प्रसंग थोडक्यात सांगते. युद्ध सुरू झालं तेव्हा एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही जर्मन मालवाहू जहाजं मुरगाव बंदरात आसऱ्याला आली. पुढे अँफोरा हे इटालियन जहाजही तिथेच अडकलं. पोर्तुगाल तटस्थ असल्यामुळे ब्रिटिशांना त्यांना हात लावता येत नव्हता. एरेनफेल्सवरच्या बिनतारी यंत्रावरून जर्मन पाणबुड्यांना मित्रराष्ट्रांच्या जहाजांच्या बातम्या जातात, असा ब्रिटिशांचा संशय होता. १९४२ च्या अखेरीस त्यांच्या माणसांनी रॉबर्ट कोख या जर्मनाला पणजीतून बायकोसकट उचललं. त्यानंतर ९ मार्च १९४३ च्या पहाटे कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी पलटणीतले व्यापारी-कंपन्यांचे साहेबलोक ‘फीबी’ नावाच्या गाळ वाहणाऱ्या बार्जमधून आले आणि एरेनफेल्सवर चढले. कप्तान मारला गेला. चारही जहाजं बुडाली.

इंग्रजी लिखाणात कोखही ‘एजंट’, त्याला पळवणारेही ‘एजंट’ आणि बंदरात पैसे चारून मदत मिळवणारेही ‘एजंट’. मराठीत सगळ्यांना ‘गुप्तहेर’ म्हणून मोकळं व्हावं का?

प्रतिसाद

ताई, अजिबात मोकळं होऊ नका. आपल्याकडे या धंद्यातल्या प्रत्येक कामाला वेगळा शब्द आहे.

‘हेर’ म्हणजे हेरणारा. हे क्रियापद आजही जिवंत आहे : संधी हेरली, सावज हेरलं. हेराचं काम पाहण्याचं आणि कळवण्याचं, हात चालवण्याचं नाही. कोखवर संशय होता तो याच कामाचा, म्हणून तो ‘जर्मनांचा हेर’. ‘गुप्तहेर’मधलं ‘गुप्त’ खरं तर वरचं आहे, पण आता रूढ झालंय, त्यावर वाद नको.

शिवकाळासाठी ‘नजरबाज’ हा सुंदर शब्द होता. तो तिथेच शोभतो, १९४३ च्या मुरगावात आणू नका. ‘जासूद’ तर टाळाच. मुळात तो अरबीतला हेरच, पण पेशवाईच्या पत्रव्यवहारात जासूद म्हणजे मुख्यतः पत्रं पोहोचवणारा. जासुदांची जोडी पुण्याहून निघाली असं वाचलं की डोळ्यांसमोर धावणारे हरकारे यायला हवेत, वेषांतर केलेले हेर नव्हे.

एरेनफेल्सवर चढले ते मात्र हेर नव्हेत. त्यांनी हेरलं काहीच नाही, दुसऱ्यांनी हेरलेल्या गोष्टीवर घाव घातला. त्यांना ‘घातपाती’ म्हणा, किंवा सरळ ‘छापा घालणारे’.

प्रतिसाद

पोलीस खात्यात होतो, म्हणून एक भर. पैसे घेऊन माहिती देणारा तो ‘बातमीदार’. आमच्या कागदांत आजही ‘गुप्त बातमीदारामार्फत मिळालेली खात्रीलायक बातमी’ असंच लिहितात. वर्तमानपत्राचा बातमीदार वेगळा, ते संदर्भाने कळतं. बोलताना ‘खबऱ्या’. हेर हा पाठवलेला असतो, खबऱ्या हा मिळवलेला असतो. खबऱ्या त्याच गावचा, त्याच बिऱ्हाडातला असतो. म्हणून त्याचं कृत्य घरच्यांना जास्त लागतं.

गदरचा, म्हणजे अमेरिकेत संघटित झालेल्या हिंदी क्रांतिकारकांच्या पक्षाचा, उठाव १९१५ च्या फेब्रुवारीत फसला तो असाच. किरपालसिंग पोलिसांच्या वतीने कटात शिरला आणि तारीख फुटली. आपल्या तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे पुढे मीरतला पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला कर्तारसिंग सराभांबरोबर फासावर गेले. किरपालसिंगाला हेर म्हटलं तर तो शब्द मला फार सभ्य वाटतो.

प्रतिसाद

त्याच गदरवरून ‘तटस्थ’ या शब्दाकडे येतो.

तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला. ‘त्रयस्थ’ म्हणजे प्रकरणाशी संबंधच नसलेला तिसरा माणूस, आणि ‘अलिप्त’ हा नेहरूंच्या काळानंतर वेगळ्या धोरणाला चिकटलेला शब्द. युद्धातल्या देशासाठी ‘तटस्थ’च हवा. कौटिल्याचा ‘उदासीन’ काही जण सुचवतात, पण त्याचा उदासीन राजा सर्वांहून बलवान असतो, कुणालाही आवरू शकणारा. हुकूमशहा सालाझारचा पोर्तुगाल तसा कुठे होता? ऑक्टोबर १९४३ मध्ये त्याच पोर्तुगालने १३७३ च्या जुन्या तहाचा आधार घेऊन ब्रिटिशांना अटलांटिकमधल्या आपल्या अझोर्स बेटांवरचे तळ वापरू दिले. आणि त्याच महिन्यात मुरगावातच अमेरिकन आणि जपानी नागरिकांची अदलाबदल झाली, ‘ग्रिप्सहोम’ आणि ‘तेइआ मारू’ या बोटींवरून. काठावर उभं राहणं म्हणजे स्वस्थ उभं राहणं नव्हे.

आता ‘तटस्थतेचा भंग’ हा शब्दप्रयोग घ्या. तो कुणाच्या बाबतीत वापरला गेला? सॅन फ्रान्सिस्कोत १९१७-१८ मध्ये गदरच्या लोकांवर खटला चालला, त्याचा आरोप हाच होता : अमेरिका तटस्थ असताना तिच्या भूमीवरून ब्रिटिश सत्तेविरुद्ध मोहीम रचली. पुरावा जमवण्यात ब्रिटिश गुप्तवार्ता खात्याचा मोठा हात होता, म्हणजे ते खातंही त्याच तटस्थ भूमीवर काम करत होतं. आणि मुरगावात भंग करणारे स्वतः ब्रिटिश असताना त्यांच्यावर खटला नाही, उलट कैक वर्षं सगळं दडपलेलं. १९७८ मध्ये ते जगासमोर आलं. तुमच्या लेखात हा शब्दप्रयोग ब्रिटिशांसाठी स्पष्टपणे यायलाच हवा, अशी माझी कळकळीची विनंती.

मूळ विचारणेकडून

हे फार मोलाचं आहे. आता दोन अडचणी उरतात. एक, ‘जहाजांना जलसमाधी मिळाली’ असं लिहिलं आहे, ते बरोबर आहे का? दुसरी, काबूलच्या भगतराम तलवारांचाही उल्लेख करणार आहे, कारण अफगाणिस्तानही तटस्थ होता. त्यांना ‘दुहेरी हेर’ म्हणावं की ‘फितूर’?

प्रतिसाद

जलसमाधीचं सगळं क्रियापदावर आहे. ‘मिळाली’ म्हटलं की वादळाने बुडाली असं वाटतं. ‘दिली’ म्हटलं की कुणीतरी बुडवली. ‘घेतली’ म्हटलं की स्वतःहून. मुरगावात छापा पडताच खलाशांनी तळाच्या झडपा उघडल्या आणि आगी लावल्या, जहाजं शत्रूच्या हाती जाऊ नयेत म्हणून. म्हणजे क्रियापद ‘घेतली’कडे झुकतं. पण नुसतं ‘जहाजांनी जलसमाधी घेतली’ लिहिलंत तर छापा घालणारे वाक्यातून नाहीसे होतात, आणि कलकत्त्याच्या साहेबलोकांना नेमकं तेच हवं होतं. साधं लिहा : ‘ब्रिटिशांनी छापा घातला, तेव्हा खलाशांनी आपली जहाजं स्वतःच बुडवली.’ समाधी हा शब्द मला इथे तसाही खटकतो. तिथे माणसं मेली होती.

प्रतिसाद

भगतरामांसाठी कौटिल्याचा ‘उभयवेतन’ घ्या. दोन्हीकडून पगार घेणारा. ‘दुहेरी हेर’ हे भाषांतर आहे, उभयवेतन हा आपल्या राजनीतीतला जुना शब्द. ज्यांची बायकामुलं आपल्या ताब्यात आहेत त्यांनाच उभयवेतन करावं, असं अर्थशास्त्र बजावतं, इतका हा माणूस धोक्याचा.

‘फितूर’ला माझा विरोध आहे. जानेवारी १९४१ मध्ये मुक्याबहिऱ्या ‘झियाउद्दीन’च्या वेषातल्या सुभाषबाबूंना ‘रहमत खान’ बनून काबूलला नेणारे हेच. त्यांचा भाऊ हरिकिशन पंजाबच्या गव्हर्नरवर गोळ्या झाडल्याबद्दल १९३१ मध्ये फासावर गेला होता. भगतराम स्वतः कम्युनिस्ट. जर्मनीने जून १९४१ मध्ये सोव्हिएत युनियनवर हल्ला केला आणि त्यांच्या लेखी शत्रू बदलला. पुढे इटालियन, जर्मन, सोव्हिएत आणि ब्रिटिश अशा सगळ्यांशी त्यांचं काम चाललं. ब्रिटिशांनी त्यांना ‘सिल्व्हर’ हे सांकेतिक नाव दिलं आणि त्यांच्यामार्फत जर्मनांना खोट्या बातम्या पुरवल्या. खरं तर उभयवेतनही तोकडाच पडतो, पण फितूर म्हणजे आपल्यांतून फुटून शत्रूला मिळालेला. तो आरोप या माणसावर एका शब्दात ठेवू नये.

प्रतिसाद

मी मान्य करणार नाही. सुभाषबाबूंचा माणूस म्हणून बर्लिनकडून पैसे घ्यायचे आणि त्याच बर्लिनला फसवायचं, ही सुभाषबाबूंच्या बाजूने पाहिलं तर फितुरीच. काबुलात त्यांना आसरा देणाऱ्या उत्तमचंद मल्होत्रांना तुरुंग भोगावा लागला. ताई, दोन्ही मतं लेखात द्या. वाचक ठरवतील.

प्रतिसाद

शेवटी एक बारीक गोष्ट. मुरगावच्या खलाशांना छाप्यानंतर पोर्तुगिजांनी ताब्यात घेतलं, ते लिहिताना ‘युद्धकैदी’ लिहू नका. पोर्तुगालचं कुणाशी युद्धच नव्हतं आणि हे मालवाहू जहाजांवरचे नोकर. आपल्याकडे अहमदनगरला आणि पुरंदरावर जर्मन नागरिकांना ठेवलं होतं ते ‘स्थानबद्ध’. सावरकर १९२४ पासून रत्नागिरीत होते, तेही स्थानबद्धच. गोव्यातल्या खलाशांसाठी मात्र ‘अटकेत’ पुरेसं आहे.